कमरेचा घेर नेमका कुठे आणि कसा मोजायचा? किनाऱ्यावरच्या गावांतलं मधुमेह-जोखीम सर्वेक्षण

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावांत 30 आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांचं सर्वेक्षण आखतो आहोत. उंची, वजन, कमरेचा आणि नितंबांचा घेर, रक्तदाब आणि बोटाच्या रक्तातली साखर घ्यायची आहे. इथल्या लोकांत शरीराच्या कोणत्या मापावरून मधुमेहाचा धोका लवकर हेरता येतो ते कळलं, तर उपकेंद्रावर रक्त तपासायला आधी कुणाला बोलवायचं ते ठरवता येईल.

अडलंय ते असं. कमरेचा घेर कुणी बेंबीवर मोजायला सांगतं, कुणी बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, कुणी हाडाच्या लगेच वर. सरावाच्या मोजणीत एकाच बाईंचा घेर दोघांनी घेतला की आकडे जुळत नाहीत, आणि नोंदवहीत शेवटचा आकडा बघावा तर 0 आणि 5 चीच गर्दी. बायका साडीवरूनच मोजा म्हणतात. साखर उपाशीपोटी घ्यावी, ग्लुकोज पाजून घ्यावी की सरळ एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची चाचणी) करावी, यावर आमच्यातच एकमत नाही. शिवाय बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 21-22 असलेली, दिसायला सडपातळ माणसंही इथे मधुमेही निघतात. मग बीएमआय ठेवायचा तरी कशाला? ज्यांचा या कामात हात बसलेला आहे त्यांनी जरा तपशिलात सांगावं.

मोजपट्टी

जागेपासून सुरुवात करतो, कारण तुमचे निम्मे घोटाळे तिथेच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची स्टेप्स पद्धत घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. शेवटची हाताला लागणारी बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोहोंच्या बरोबर मध्ये, काखेच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हाडाच्या लगेच वर मोजतात. तीही पद्धत चुकीची नाही, पण दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळता येत नाहीत. पुरुषांत फरक थोडा पडतो, बायकांत हाडावरचं माप चांगलंच मोठं येतं. बेंबी मात्र सोडाच. पोट सुटलेल्या माणसाची बेंबी खाली सरकते, बाळंतपणं झालेल्या बाईची आणखी खाली. म्हणजे ज्यांचं माप सगळ्यांत महत्त्वाचं, त्यांचीच खूण हललेली.

आता कृती. माणूस पाय जुळवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा. हात बाजूला सैल. मोजणाऱ्याने समोर नाही, बाजूला बसायचं, स्टुलावर, म्हणजे टेप डोळ्यांच्या पातळीत येते. बोटांच्या टोकांनी खालची बरगडी चाचपायची, पुसता येईल अशा पेन्सिलने बारीक रेघ. मग कमरेचं हाड: तळहात आडवा धरून वरून दाबत खाली आलं की कड लागते, तिथे दुसरी रेघ. दोन्हींमधलं अंतर टेपने मोजून निम्म्यावर तिसरी खूण. हे दोन्ही बाजूंना. डोळ्याच्या अंदाजाने मध्य काढला की तो कायम हाडाकडे झुकतो, कारण हाड सापडायला सोपं आणि बरगडी चाचपायला लाज वाटते.

टेप खुणेवर ठेवून भोवती फिरवायची. पाठीमागे ती खाली घसरते किंवा पिळते. मोजणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून मदतनीस पलीकडे हवाच, आणि त्याचं कामच टेप जमिनीला समांतर आहे की नाही ते बघणं. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. स्प्रिंगची गुलिक टेप मिळाली तर ताण सारखा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, कमर-नितंबांचं मोजमाप पहिल्यांदा आलं तेव्हा हीच टेप वापरली होती. साधी फायबरग्लासची टेपही चालेल. शिंप्याची कापडी पट्टी मात्र अजिबात नको, ती ताणते आणि इथल्या दमट हवेत आणखी लवकर बिघडते. आठवड्यातून एकदा टेप पोलादी पट्टीशी ताडून बघा, पहिले 100 सेंटिमीटर. फरक दिसला की ती टेप बाद.

वाचन केव्हा? सहज श्वास सोडून झाल्यावर. 'श्वास सोडा' असं फर्मावलं की लोक सगळी हवा बाहेर ढकलतात आणि पोट आत जातं. 'दीर्घ श्वास घ्या' तर त्याहून वाईट. सरळ गप्पा मारा, नाव-गाव विचारा. बोलणं संपलं की श्वास आपोआप सुटतो, त्या क्षणी वाचा. 0.1 सेंटिमीटरपर्यंत. दोनदा मोजायचं, मधे टेप पूर्ण काढून. दोन मापांत 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर तिसरं घ्यायचं आणि जवळची दोन धरून सरासरी.

0 आणि 5 ची गर्दी म्हणजे मोजणारा टेप वाचत नाही, अंदाज लिहितो. शेवटच्या आकड्यांची वारंवारता दर आठवड्याला काढा, मोजणाऱ्यागणिक. 0 ते 9 प्रत्येक आकडा साधारण 10 टक्के वेळा यायला हवा. एखाद्याकडे 0 आणि 5 मिळून 20 टक्क्यांच्या पुष्कळ वर गेले, तर त्याला बोलावून पुन्हा सराव द्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तोच आकडा मोठ्याने म्हणून लिहायचा, एवढ्यानेही खूप सुधारतं. आणि पहिल्यांदा लिहिलेला आकडा दुसऱ्या मोजणीच्या वेळी झाकलेला असावा.

मोजणारे जुळलेत की नाही हे 'बरं वाटतंय' यावर ठरवू नका. प्रशिक्षणात 20 जण घ्या, प्रत्येकाला दोन मोजणाऱ्यांनी मोजायचं. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, त्या बेरजेला माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. ही झाली मोजमापाची तांत्रिक चूक. तिला सरासरी घेराने भागून टक्के काढले की तुलना सोपी. नवशिक्या मोजणाऱ्यासाठी चालणारी मर्यादा स्वतःच्याच दोन मापांत 1.5 टक्के आणि दोघांच्या मापांत 2 टक्के. सरावलेल्यांकडून अनुक्रमे 1 आणि 1.5 ची अपेक्षा ठेवतात. याच्या बाहेर असलेल्याला गावात पाठवू नका.

नितंबांचं सोपं आहे: पाय जुळवून, बाजूने बघून सगळ्यांत जास्त फुगवटा असेल तिथे. खिशातलं सामान काढायला लावा, मोबाइल-बटव्याने घेर वाढतो.

आंबोळी

वरच्या उत्तरात भर घालते, कपड्यांपुरती आणि बायकांच्या मोजणीपुरती. गटप्रवर्तक आणि आशांच्या प्रशिक्षणात हाच भाग घाईघाईत उरकला जातो आणि नंतर सगळं तिथेच फसतं.

साडीवरून मोजायचं नाही. पुढे निऱ्यांचा जाड पुडका, त्याखाली परकराचा नेफा, वर पदराचा वेढा. सगळं मिळून किती वाढलं ते प्रत्येकीत वेगळं, त्यामुळे 'सरसकट दोन सेंटिमीटर वजा' असला हिशेब लावता येत नाही. नऊवारीत तर काष्ट्याचा पीळ पाठीमागे बरोबर टेपच्या वाटेत येतो. पण उलटी चूक जास्त लबाड आहे. साडी बाजूला केली, तरी परकराची नाडी घट्ट असेल तर कमरेत खाच पडलेली असते आणि ती बहुधा मधल्या खुणेच्या आसपासच असते. टेप त्या खाचेत बसली की माप कमी येतं. म्हणून नाडी सैल करायला सांगायची, नेफा खाली सरकवायचा, थोडं थांबायचं, तेवढ्यात उंची घ्यायची, आणि मगच कमर. पुरुषांच्या पट्ट्याचं आणि इलॅस्टिकचं हेच.

एक उदाहरण मांडते म्हणजे हे किती महागात पडतं ते कळेल. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. मोहन यांच्या केंद्राने 2005 मध्ये काढलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक वापरतात. वय 35 ते 49 असेल तर 20 गुण, 50 पासून पुढे 30. घेर बाईचा 80 ते 89 किंवा पुरुषाचा 90 ते 99 असला तर 10. बाईचा 90 आणि पुरुषाचा 100 झाला की 20. कष्टाचं काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असतील तर 0, दोहोंपैकी एकच असेल तर 20, दोन्ही नसतील तर 30. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10, दोघांना असेल तर 20. एकूण 60 किंवा जास्त म्हणजे धोका मोठा, 30 ते 50 मध्यम. आता 48 वर्षांची, मासळीच्या पाट्या उचलणारी, वडिलांना मधुमेह असलेली बाई धरा. वयाचे 20, कामाचे 20, वडिलांचे 10. घेर खरा 84 असेल तर आणखी 10, एकूण 60, म्हणजे रक्त तपासायला लगेच बोलवायचं. नाडीच्या खाचेत टेप बसून 79 आला तर एकूण 50, आणि ती यादीतून खाली गेली. कागदावर चूक कुठेच दिसत नाही.

आशांकडच्या सीबॅक फॉर्ममध्येही (घरोघरी आजारांचा धोका गुणांनी जोखायचा सरकारी फॉर्म) घेराचे गुण आहेत: बाईचा 80 पर्यंत 0, 81 ते 90 ला 1, 90 च्या वर 2, पुरुषांत तेच 90 आणि 100 वर. दोन्ही तक्त्यांच्या कडा बरोबर सारख्या नाहीत. बरोबर 80.0 आलेली बाई एकीकडे 10 गुण घेते, दुसरीकडे 0. म्हणून फॉर्मवर गट लिहू नका, मोजलेला आकडाच लिहा. गट नंतर संगणकावर पाडता येतात.

मोजणारी बाईच हवी, आणि आडोसा हवा. माजघरात दार लोटून, घरातली दुसरी एखादी बाई सोबत असू द्या. समजुतीने सांगितलं तर नकार फार थोडे येतात. 'काकी, पोट आत ओढू नको, रोज उभी ऱ्हवतस तशीच ऱ्हव,' एवढं आपल्या बोलीत सांगितलं की काम होतं. आणि तरीही कपड्यावरून मोजू दिलं तरच मोजता येईल अशी कुणी असली, तर पातळ एका थरावरून मोजा आणि फॉर्मवर तसा वेगळा रकाना भरा. विश्लेषणात ती मापं वेगळी काढता येतात. न सांगता मिसळली तर मात्र शोधायला मार्ग राहत नाही.

गरोदर बायका वगळा, तशाच नुकत्या बाळंत झालेल्या. कोणत्या महिन्यापर्यंत ते आधी ठरवून लिहून ठेवा. तीन महिने ही रास्त मर्यादा आहे.

खाडीपलीकडे

मोजपट्टी, आंबोळी, दोघांचेही आभार. सीबॅक आणि जोखीम गुणांकाच्या कडांचं लक्षातच आलं नव्हतं. उंची-वजनाबद्दल आणि साखरेबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे वाड्या डोंगरउतारावर आहेत, सपाट जमीन मिळणं मुश्कील, आणि लॅब तालुक्याला.

मोजपट्टी

उंची-वजनाचं थोडक्यात. शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा जांभ्याच्या खडबडीत कट्ट्यावर वजनकाटा थेट ठेवू नका, एक कोपरा अधांतरी राहिला की वजन बदलतं. 18 मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा आणि पाणपातळी सोबत ठेवा, खाली चकत्या घालून समतल करा, वर काटा. रोज सकाळी शिक्क्याच्या वजनांनी तपासा. रेशन दुकानातली किंवा मासळीच्या लिलावातली 10-20 किलोची वजनं चालतात. खाऱ्या हवेत बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि काटा मधेच शून्य दाखवतो, त्या पट्ट्या आठवड्याला पुसा.

उंचीची चूक लोक किरकोळ समजतात. 55 किलोच्या बाईची उंची 155 ऐवजी 154 लिहिली तर बीएमआय 22.9 चा 23.2 होतो आणि ती भारतीय निकषांनी जास्त वजनाच्या गटात जाते. अंबाडा सोडायला सांगा, नाहीतर आडवी पट्टी केसांवर टेकते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत हवं. पाठीत बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसांची उंची मुळात घटलेली असते, त्यांचा बीएमआय फुगलेला दिसतो. तिथे बाकाची नोंद करा.

रक्तबिंदू

साखरेचं सांगतो.

एचबीए1सी उपाशी राहावं लागत नाही म्हणून मोहात पाडतं, पण तेवढ्यावर निदान बेतू नका. रक्तातलं लोह कमी असेल तर एचबीए1सी खऱ्यापेक्षा जास्त येतं, आणि तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत कमी. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत रक्तक्षयाचं प्रमाण 2019-21 च्या पाहणीत 57 टक्के आलं होतं. एवढ्या मोठ्या गटात माप एका बाजूला झुकणार असेल, तर बायका आणि पुरुष यांची तुलना कशी करणार? करायचंच असेल तर सोबत हिमोग्लोबिन घ्या.

लॅब लांब असल्याने ग्लुकोमीटरच तुमच्यासाठी योग्य आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशभराच्या अभ्यासातही बोटाचंच रक्त घेतलं होतं. त्याचे निकष पाठ ठेवा: रात्रभर किमान 8 तास उपाशी असताना दर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅम किंवा जास्त, अथवा ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी 220 किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. दोन तासांनंतरचे 160 ते 219 म्हणजे ग्लुकोजची बिघडलेली सहनशक्ती, मधुमेहाच्या आधीची पायरी. इथे घोळ होतो, कारण शिरेतल्या रक्ताच्या प्लाझ्माचे आकडे 200 आणि 140 आहेत. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेपेक्षा जास्त असते, म्हणून कडा वेगळ्या. बोटाच्या रक्ताला 200 ची कड लावली तर मधुमेहींची संख्या फुगेल. राष्ट्रीय कार्यक्रमात उपकेंद्रावर कधीही घेतलेली साखर 140 च्या वर आली तर पुढे पाठवतात. ती फक्त पुढे पाठवण्याची कड. तिच्यावरून प्रमाण काढायचं नसतं.

ग्लुकोज 75 ग्रॅम, पण पाणीविरहित. केमिस्टकडची पावडर बहुधा मोनोहायड्रेट, म्हणजे पाणी धरलेली असते, तिचे 82.5 ग्रॅम घ्यावे लागतात. लेबल वाचा. चवीची, जीवनसत्त्वं घातलेली पावडर नको. 250 ते 300 मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, आणि घड्याळ पहिल्या घोटाला लावायचं. लिंबू पिळलं तर मळमळ कमी होते. उलटी झाली तर त्या दिवशीची चाचणी रद्द. दोन तास बसून राहायचं. 'जरा घरी जाऊन गुरांना पाणी दाखवून येते' म्हणत घाटी चढून परत आलेल्या बाईचा आकडा धरता येत नाही. विडी, तंबाखू, मशेरी नको. आधीपासून औषध चालू असलेल्यांना ग्लुकोज पाजायचं नाही, त्यांची फक्त उपाशीपोटीची साखर.

आदल्या संध्याकाळी निरोप देताना 'रात्री जेवल्यानंतर फक्त पाणी, सकाळचा चहाही नको' असं उघड सांगा. श्रावणात आणि संकष्टीला लोक साबुदाणा खाऊन, चहा घेऊन 'उपाशीच आहे' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात. सकाळी 'शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं' असाच प्रश्न विचारा.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: हात. आंब्या-फणसाच्या दिवसांत, काजूची बोंडं सोलताना, कोकमाच्या सालींना साखर लावताना बोटांवर साखर राहते. रक्ताच्या एवढ्याशा थेंबात ती मिसळली की निरोगी माणसाचा आकडाही मधुमेहात जातो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ती नीट जात नाही. वाहत्या पाण्याने हात धुवायचा, कोरडा करायचा, मग टोचायचं. ओल्या बोटाने थेंब पातळ होतो आणि आकडा उलट कमी येतो. थेंब पिळून काढू नका. हात खाली सोडून, कोमट करून येऊ द्या, बोटाच्या कडेला टोचा.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण प्रत्येक वेळी लगेच बंद. पावसाळ्यात उघडी डबी अर्धा तास राहिली तरी दमट हवा आत जाते. ती गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, बहुतेक स्ट्रिपना 30 अंशांच्या वर ठेवायची मुभा नसते. रोज सकाळी कंट्रोल द्रावणाने (ज्यातली साखर आधीच माहीत असते) तपासणी, आणि एका गावात एकाच लॉटच्या स्ट्रिप. रक्तक्षय तीव्र असेल तर बऱ्याच ग्लुकोमीटरवर साखर जास्त दिसते, म्हणून इथेही हिमोग्लोबिन उपयोगी पडतं.

मोठा आकडा आलेल्या माणसाला त्याच दिवशी चिठ्ठी द्या, प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आणि वार लिहून. नुसतं मोजून निघून येणं बरोबर नाही. हे पत्र नीतिमत्ता समितीकडे अर्ज करतानाच तयार ठेवा.

पाणंद

नमुना आणि विश्लेषण राहिलं, तेवढं मी.

बीएमआय टाकू नका, पण त्याच्याकडून नको ते मागू नका. पुण्याचे मधुमेह-संशोधक याज्ञिक यांनी लंडनचे संशोधक युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता: दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तुमच्या सडपातळ मधुमेह्यांचं कोडं यातच आहे. आपल्याकडे स्नायू कमी, आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या कडा खाली आणल्या: 23 पासून जास्त वजन, 25 पासून स्थूलता, घेर पुरुषांत 90, बायकांत 80. युरोपीय पुरुषांसाठीचा 94 किंवा 102 इथे लावलात तर धोक्यातले निम्मे लोक निसटतील की किती, ते तुमच्याच तक्त्यात दिसेल, दोन्ही लावून बघा. कमर भागिले उंची हेही काढा, 0.5 ची कड बाई-पुरुष दोघांना एकच असल्याने आशांना समजावायला सोपी.

विश्लेषणातला मोठा खड्डा म्हणजे आधीच माहीत असलेले मधुमेही. निदान झाल्यावर माणूस भात कमी करतो, चालायला लागतो. साखर फार वाढलेली असेल तर आजारानेच वजन उतरतं. एकाच वेळच्या पाहणीत त्यांची आजची कमर आणि मधुमेह जोडलात तर संबंध खऱ्यापेक्षा कमकुवत दिसतो, कधी उलटाही. प्रमाण सांगताना ते धरा, पण 'कोणतं माप धोका ओळखतं' या प्रश्नासाठी फक्त नव्याने सापडलेले मधुमेही आणि निरोगी यांची तुलना करा. बाई-पुरुष वेगळे, वय नेहमी समीकरणात. घेर सलग आकडा म्हणून वापरा, 80-90 चे गट फक्त शेवटच्या तक्त्यात. इथल्या लोकांसाठी नवी कड काढायचा मोह होईल. काढा, पण ती ज्या आकड्यांवरून काढली त्यांच्यावरच तपासून 'छान चालते' म्हणू नका. काही गावं आधीच बाजूला ठेवा, तिथे पडताळा घ्या.

नमुन्याचा हिशेब. मधुमेहाचं प्रमाण 10 टक्के धरलं आणि अंदाज 2 टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर 95 टक्के खात्रीसाठी 865 माणसं. पण तुम्ही वाड्यांनुसार निवडणार, आणि एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात: कोळीवाड्यात एक खाणं-काम, भंडारवाडीत दुसरं, मोहल्ल्यात तिसरं. त्यासाठी दीडपट, म्हणजे सुमारे 1300. दहातला एक भेटणार नाही असं धरलं की 1440 च्या आसपास. आणि 10 टक्के हा आकडाही विचाराने धरा. इंडियाबचा 2023 मध्ये आलेला देशाचा आकडा 11.4 टक्के होता, पण याच किनाऱ्यावर खाली गोव्यात 26.4, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्राचा त्याच अभ्यासातल्या पहिल्या टप्प्याचा, 2011 मध्ये छापलेला आकडा 8.4. तुमची गावं कुठे बसतील ते मोजल्याशिवाय कळणार नाही, म्हणून 15 आणि 20 धरूनही हिशेब करून ठेवा.

वाड्यांची यादी ग्रामपंचायतीकडून पूर्ण घ्या, रस्त्यापासून लांबच्या, खाडीपलीकडच्या, तरीवर बसून जावं लागणाऱ्या सगळ्या. चिठ्ठीत दूरची वाडी निघाली की पथक जवळची बदलून घेतं. ते होऊ देऊ नका. दिवसा घरी भेटतात बायका आणि म्हातारी माणसं, पुरुष होडीवर किंवा मुंबईला. एका घरात एकच माणूस, तेही आधीच ठरवलेल्या तक्त्याने निवडायचं, आणि तो नसला तर दुसऱ्या वेळी जायचं, त्याच्या बदली घरातली आजी धरायची नाही. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात, गाव भरलेलं असतं, पण ते गेले सहा महिने इथे राहिलेले नसतात. ते दिवस टाळा. मासेमारीबंदीत, जून-जुलैत, खलाशी घरी असतात हे सोयीचं, पण तेव्हा 'कष्टाचं काम करता का' विचारलं तर उत्तर हंगामातलं की आत्ताचं, ते प्रश्नातच स्पष्ट हवं. वर्षातले सगळ्यांत जास्त महिने जे काम केलं ते धरा.

खाडीपलीकडे

एक शेवटचं. पोटात पाणी झालेले, हर्निया असलेले, पोटाची शस्त्रक्रिया झालेले लोक भेटतात. त्यांची कमर घ्यायची की नाही?

मोजपट्टी

घ्यायची, आणि फॉर्मवर कारण लिहायचं. जलोदर, मोठा हर्निया, पोटावर पिशवी लावलेली असेल तर घेर चरबी दाखवत नाही, म्हणून कमरेच्या विश्लेषणातून त्यांना बाहेर ठेवा. साखर आणि प्रमाणाच्या हिशेबात ते राहतील. जुनी, भरून आलेली शस्त्रक्रिया असेल तर काही अडचण नाही, नेहमीसारखंच मोजा. ज्यांना आधाराशिवाय उभं राहता येत नाही त्यांची कमर झोपवून घेऊ नका, झोपल्यावर पोट पसरतं आणि माप तुलनेचं राहत नाही. तो रकाना रिकामा सोडू नका, तिथे 'मोजता आलं नाही' याचा ठरलेला आकडा टाका, म्हणजे नंतर कुणी ते 0 समजणार नाही.